जपानची बंद दारे आणि आपला मोहल्ला

आपल्या घरांत जपानचे नाव निघते ते बहुधा कौतुकानेच. मुलाने दप्तर कोपऱ्यात फेकले की त्याला सांगितले जाते, जपानची मुले आपला वर्ग आपणच झाडतात. एसटी तासभर उशिरा आली की तिथल्या गाड्यांच्या वेळांची आठवण निघते. अणुबॉम्ब झेलून पुन्हा उभे राहिलेले राष्ट्र, हरवलेले पाकीट पोलीस चौकीत आणून देणारी माणसे, शंभरी ओलांडणारे आजी-आजोबा, हे सारे खरे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या देशात वयाची शंभर वर्षे गाठलेले ९५,११९ लोक होते. पण त्या लांब आयुष्याची शेवटची वर्षे कशी जातात, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आम्ही दोघे नवरा-बायको धुळ्यात राहतो. एकाचे घराणे इथल्या यंत्रमागांवर वाढले, दुसरीचे माहेर जळगावच्या मेहरूणचे. आमचा एक भाचा सध्या पुण्यात जपानी भाषा शिकतो आहे. त्याला तिकडे वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला जायचे आहे. जपानने २०१९ मध्ये परदेशी कामगारांसाठी जो नवा व्हिसा सुरू केला, त्यात हे काम येते. २०२१ मध्ये आपल्या सरकारनेही जपानशी त्याबाबत करार केला. भाच्याच्या निमित्ताने आमच्या घरात जपानविषयी वाचन सुरू झाले. म्हाताऱ्या माणसाला उठवण्या-बसवण्यासाठी, दोन घास भरवण्यासाठी एवढ्या श्रीमंत देशाला खानदेशातून मुलगा का बोलवावा लागतो, एवढाच आमचा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना जे कळले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत, कारण ते आता केवळ जपानचे राहिलेले नाही.

एकट्याने आलेले मरण

जपानी भाषेत एक शब्द आहे, 'कोदोकुशी'. कोदोकु म्हणजे एकाकीपण आणि शी म्हणजे मृत्यू. एकटे राहणारे माणूस आपल्या घरात मरण पावते आणि कित्येक दिवस कोणाला कळतही नाही. तिथल्या पोलिसांनी २०२४ मध्ये याची देशभर मोजणी केली. एकटे राहणारे आणि घरीच मरण पावलेले ७६,०२० लोक त्या एका वर्षात आढळले. त्यांतले ५८,०४४ जण ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे होते. त्याच वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतली नोंद तर वाचवत नाही. ३,९३९ जणांचा पत्ता महिना उलटून गेल्यावर लागला आणि किमान १३० जणांचा वर्ष लोटल्यावर.

तोक्योजवळ मात्सुदो शहरात तोकिवादायरा नावाची मोठी वसाहत आहे. १९६० च्या सुमारास ती बांधली गेली, तेव्हा तरुण जोडप्यांसाठी ते स्वप्नातले घर होते. २००० साली तिथल्या एका घरात ६९ वर्षांच्या गृहस्थांचा सांगाडा सापडला. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. तीन वर्षे कोणाला शंकाही आली नाही, कारण घरभाडे आणि बिले बँकेच्या खात्यातून आपोआप वळती होत होती. खाते रिकामे झाले आणि भाडे थकले, तेव्हा कोठे दार उघडले गेले. माणूस गेल्याचे माणसांना कळले नाही, ते पैसे संपल्यावर कळले. हे वाचून त्या रात्री आम्हा दोघांनाही बराच वेळ झोप लागली नाही.

त्या वसाहतीतल्या एका वृद्ध बाईने पुढे स्वतःच एक युक्ती काढली. समोरच्या इमारतीतल्या शेजारणीला त्यांनी विनंती केली की, रोज सकाळी माझ्या खिडकीकडे एकदा पाहत जा. मी उठले की खिडकीचा कागदी पडदा उघडते. एखाद्या दिवशी तो बंद दिसला तर समजा की मी राहिले नाही, आणि कोणाला तरी कळवा.

तारुण्यातच बंद झालेली दारे

बंद दारांमागे केवळ म्हातारी माणसे नाहीत. 'हिकिकोमोरी' हा शब्द अलीकडे आपल्याकडेही अधूनमधून छापून येतो. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ शाळा, नोकरी, मित्र सारे सोडून घरात, बहुतेक वेळा एका खोलीतच, कोंडून घेतलेली व्यक्ती म्हणजे हिकिकोमोरी. सैतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९८ मध्ये यावर पुस्तक लिहिले, तेव्हा हा तरुण मुलांचा प्रश्न मानला जात होता. ती मुले खोलीतच वाढली. आज जपानमध्ये '८०५०' असा एक आकडा बोलला जातो. ऐंशी वर्षांचे आई-बाप आणि खोलीत बसलेले पन्नाशीचे अपत्य. आई-बापाच्या पेन्शनवर घर चालते, आणि ते गेले की मागे राहिलेल्याला बाजारात जाऊन तांदूळ आणणेही जमत नाही. सरकारने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार १५ ते ६४ वयोगटात अशी सुमारे १४ लाख ६० हजार माणसे आहेत.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. २०२३ च्या मोजणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. काही वृद्ध स्त्रिया दुकानातून खाण्याची किरकोळ वस्तू उचलतात आणि तुरुंगात जातात. सुटका झाली की पुन्हा तेच करतात, कारण तुरुंगात वेळेवर जेवण मिळते, औषध मिळते आणि बोलायला कोणीतरी असते.

त्रास नको, एवढीच चांगली सवय

हे सारे वाचल्यावर पटकन मनात येते की ती माणसेच कोरडी असतील. तसे नाही. जपानी संस्कारात 'मेइवाकु' या कल्पनेला फार महत्त्व आहे. मेइवाकु म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास. तो होऊ द्यायचा नाही, हे मुलांना लहानपणापासून शिकवतात. गाडीत मोठ्याने बोलायचे नाही, घाण करायची नाही, कोणावर भार टाकायचा नाही. याच सवयीमुळे तिथले रस्ते स्वच्छ आहेत आणि रांगा सरळ आहेत. पण हीच सवय म्हातारपणी घराला कडी घालते. मुलाला फोन केला तर त्याच्या कामात व्यत्यय येईल, शेजारणीला हाक मारली तर तिला अवघडल्यासारखे होईल, असे म्हणत माणूस गप्प होत जातो. शेजारीही दार ठोठावत नाही, कारण कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावणे बरे नव्हे. दोन्ही बाजूंनी सभ्यपणाच असतो, आणि मधले दार बंद राहते.

त्याला परिस्थितीची जोड मिळाली. तरुण मंडळी खेडी सोडून मोठ्या शहरांत गेली. लग्ने कमी झाली, मुले कमी झाली. २०२४ मध्ये तिथे एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १.१५ वर आले. आज दर दहा जणांपैकी जवळजवळ तिघे ६५ च्या पुढचे आहेत.

आपल्याकडे असे होणार नाही?

हे सगळे ऐकून आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पहिले उत्तर दिले ते असे, "आपल्याकडे घरं भरलेली असतात. आपल्याला काय त्याचं?"

घरे भरलेली होती, हे खरे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की भारतातल्या मुस्लिम स्त्रियांमागे मुलांचे सरासरी प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होते, ते २०१९-२१ मध्ये २.४ पर्यंत उतरले. सगळ्याच समाजांत ते उतरले आहे, आणि त्यात वाईट काही नाही. मुले शिकली, आयांचे आरोग्य सुधारले. पण ज्या दादीला सात मुले होती तिच्याजवळ एक तरी राहतच असे. ज्या आईला दोन आहेत, तिचा एक पुण्याला आणि दुसरा आखातात गेला की घरात कोण उरते?

खानदेश तर पिढ्यान् पिढ्या माणसे बाहेर पाठवणारा मुलूख. भुसावळहून निघालेली गाडी जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाते, आणि तिच्यातून आपली किती माणसे उधना-लिंबायतला जाऊन राहिली याची गणती नाही. चाळीसगाव, पारोळा, साक्रीकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि मागे म्हातारा-म्हातारी आणि शाळकरी पोरे राहतात. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुडा पायथ्याच्या तडवी वस्त्यांतूनही तरुण कामासाठी शहरांकडे निघाले. धुळ्यात आमच्या गल्लीत माग जसे बंद पडत गेले, तशी त्या घरांतली मुले भिवंडीला, सुरतेला गेली.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे साधारण दहा टक्के होती. २०३१ पर्यंत हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास जाईल असा सरकारी अंदाज आहे. जपानचे पोलीस निदान मोजतात तरी. आपल्याकडे घरात एकट्याने मेलेल्यांची अशी मोजणी होत नाही, म्हणून प्रश्नच नाही असे वाटते.

फुफींचे दूध

जळगावला आमच्या एक फुफी एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. एक मुलगा सुरतेला, दुसरा पुण्याला. दोघेही चांगले आहेत, महिन्याला पैसे येतात, रोज नाही तरी दोन दिवसांआड फोन येतो. दोघांनीही अनेकदा नेले, पण फुफींचे मन तिथे रमत नाही. सुरतेच्या खोलीत दिवसभर दार लावून बसावे लागते, असे त्या म्हणतात. त्यांचे एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, "मेरी वजह से किसी को तोशीस नको." मेइवाकु हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला, तेव्हा आम्हा दोघांच्या तोंडून एकदम "फुफी!" असेच निघाले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पहाटे त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. कमरेचे हाड मोडले. मोबाइल पलंगावर, आणि दाराला आतून कडी. दुपारभर त्यांनी हाका मारल्या. कूलर आणि पंख्यांच्या आवाजात त्या कोणाच्या कानी गेल्या नाहीत. मुलाचा फोन वाजला, पण अम्मी झोपली असेल असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला, तर कालची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकलेली. तो थांबला, त्याने दार वाजवले, आणि आतून क्षीण आवाज आला. शेजारच्या मुलांनी दार तोडले. फुफी वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. आज वॉकर घेऊन घरात फिरतात. जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याच्या न्हाणीघरात, पाण्यावाचून आणखी एक दुपार त्यांना काढता आली नसती, असे डॉक्टर म्हणाले.

यात मुलांचा दोष नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि फुफींचाही नाही. सगळेच एकमेकांचा विचार करून गप्प होते. वाचवले ते एका माणसाच्या रोजच्या फेरीने.

जनाज्याला शंभर, जिवंतपणी कोण?

भाच्याच्या जाण्याची गोष्ट निघाली, तेव्हा त्याच्या आईने विचारलेला पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. "तिथं मुसलमान मेला तर मातीचं काय?" प्रश्न रास्त होता. जपानमध्ये जवळजवळ सर्वांचेच दहन होते. कोबे शहरात १९३५ मध्ये तिथली पहिली मशीद उभी राहिली. तिच्या उभारणीत हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. आज मशिदी शंभराहून अधिक झाल्या, पण दफनभूमी मोजक्याच आहेत. ओइता प्रांतात हिजी नावाच्या गावी कब्रस्तानासाठी मुसलमान कित्येक वर्षे खटपट करत आहेत. भूजल दूषित होईल या भीतीने गावकऱ्यांचा विरोध आहे. काही कुटुंबे मय्यत शेकडो किलोमीटर दूर नेऊन दफन करतात.

आपल्याला ही चिंता नाही. धुळ्यात काय, जळगावात काय, मशिदीच्या भोंग्यावरून इंतिकालचा ऐलान झाला की तासाभरात माणसे जमतात. गुसल देणारे येतात, कबर खोदणारे येतात, तीन दिवस शेजारच्या घरांतून जेवण येते. मरणाऱ्याला ओळखत नसलेला माणूसही खांदा देतो. अशी व्यवस्था मोठमोठ्या देशांना पैसे ओतूनही उभी करता आलेली नाही.

मग आमच्या मनात आले, ज्याच्या जनाज्याला शंभर माणसे येतात, त्याच्या दाराशी आदल्या आठवड्यात किती आली होती? मय्यतीचा ऐलान होतो, एकटेपणाचा होत नाही. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद आपल्या दीनमध्ये किती कडक आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. तो हक्क तो जिवंत असतानाच अदा करायचा असतो.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. फजरला रोज येणारा म्हातारा दोन दिवस दिसला नाही, तर कोणीतरी विचारतोच, "बडे मियाँ नजर नहीं आए?" मशिदीची सफ हीच त्याची हजेरी असते. पण आपल्या बहुतेक वृद्ध स्त्रिया घरीच नमाज पढतात. त्यांची हजेरी घेणारी जागाच नाही. जपानमध्ये एकाकी मृत्यूंमध्ये पुरुष अधिक आढळतात, कारण निवृत्तीनंतर कचेरीबाहेर त्यांचे कोणी नसते. आपल्याकडे धोका विधवा फुफी-खालांना अधिक आहे.

जपानकडून घेण्यासारखे

जपानी लोक हात बांधून बसलेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला गेला आणि एप्रिल २०२४ पासून त्याचा कायदाही लागू झाला. पण आम्हाला अधिक भावल्या त्या लहान गोष्टी. १९७२ पासून याकुल्ट नावाचे पेय घरोघरी देणाऱ्या स्त्रिया एकट्या वृद्धांच्या दाराशी थांबून विचारपूस करतात. २००१ मध्ये पाणी गरम करण्याचे असे एक भांडे मिळू लागले की म्हाताऱ्या आईने चहासाठी ते वापरले की दूरच्या मुलाला संदेश जातो. आणि 'मिनसेई-इन' नावाचे सुमारे २ लाख ३० हजार स्वयंसेवक गल्लोगल्ली आहेत. १९१७ साली ओकायामात सुरू झालेल्या प्रथेतून ही व्यवस्था वाढली. पगार नाही. आपल्या भागातल्या अडल्या-नडल्यांच्या घरी जाणे हेच काम. अडचण एवढीच की आता तेही म्हातारे झाले आहेत आणि नवे मिळत नाहीत.

फुफींच्या प्रसंगानंतर आमच्या गल्लीत आम्ही काही जणांनी एक वही केली. एकटे राहणारे वृद्ध, किंवा दोघेच राहणारे म्हातारे जोडपे, यांची नावे लिहायची. एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील असे सर्वांना वाटले होते. वहीचे दीड पान भरले. त्यात हिंदू शेजारीही आहेत. दार ठोठावताना कोणाचे दार आहे हे पाहायचे नसते. अनुभवातून ठरलेल्या चार गोष्टी इथे देतो.

पहिली, प्रत्येक नावासमोर एक घर ठरलेले असावे. सगळ्यांनी लक्ष ठेवायचे म्हटले की कोणीच ठेवत नाही. बायकांच्या घरी बाईनेच जावे. रोज एकदा, दोन मिनिटे. उन्हाळ्यात दोनदा.

दुसरी, एक चावी शेजारी असावी आणि मुलांचे फोन क्रमांक वहीत असावेत. आतून कडी न लावता बाहेरून उघडेल असे कुलूप बसवायला फार खर्च येत नाही.

तिसरी, विचारपूस दयेची वाटू नये. "खाला, कशा आहात?" या प्रश्नाला "बरी आहे" हेच उत्तर येते. त्यापेक्षा काम घेऊन जावे. लोणच्यात मीठ किती, मुलीचा सबक ऐकाल का, खलबत्ता द्याल का. ज्याच्याकडून काही मागितले जाते त्याला आपण भार आहोत असे वाटत नाही. वहीतल्या एका खालांकडे आता संध्याकाळी गल्लीतल्या मुली शिवण शिकायला बसतात. त्यांची हजेरी त्या मुलीच घेतात. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली, तर आमच्याकडचे एक चाचा आठवड्यातून एकदा शिरपूरला जाऊन येतात. काम काही नसते. "वाटेत माणसं भेटतात," असे ते सांगतात.

चौथी, खोलीत कोंडून घेतलेल्या तरुणाला आळशी म्हणून सोडून देऊ नये. नीटमध्ये दोनदा मार्क कमी पडले, पुण्याची नोकरी सुटली, आणि पोरगा दिवसा झोपतो, रात्री मोबाइल पाहतो, जेवणाचे ताट दाराशी ठेवावे लागते, अशी घरे आपल्याकडेही आहेत. लोक काय म्हणतील म्हणून आई ते लपवते. जपानमध्येही आयांनी असेच लपवले आणि मुले पन्नाशीची झाली. १४४१६ या सरकारच्या मोफत क्रमांकावर मानसिक त्रासाबद्दल मराठीतही बोलता येते. वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीसाठी अर्ज करता येतो, पण तिथवर जाण्याची वेळ येण्याआधी दोन वडीलधाऱ्यांनी मुलाशी बसून बोलावे.

भाचा पुढच्या वर्षी जाईल, इंशाअल्लाह. तो तिथे परक्यांच्या आई-बापांना हात देईल आणि त्याचा पगार आपल्या घरी येईल, यात कमीपणा काही नाही. पण त्याच्या आईचे नाव आम्ही आताच वहीत लिहून ठेवले आहे, आणि समोर आमच्या घराचे. आपल्या गल्लीत अशी वही नसेल तर या जुम्याला चार घरांनी मिळून ती सुरू करावी. पहिले नाव शोधायला फार लांब जावे लागणार नाही.